माळ आणि परात

आपला नियम पाळताना समोरच्याचे मन मोडले, तर नियम पाळला म्हणावे की मोडला म्हणावे? हा प्रश्न मला माझ्या नातीने विचारला. इतकी वर्षे पंढरीची वाट चालूनही मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. जे दिले ते अपुरे होते. म्हणून ही हकीकत आपणा सर्व माउलींपुढे ठेवतो.

नात माळकरी आहे. बारा वर्षांची असताना आळंदीला तिने माळ घातली, तीही स्वतःच्या हट्टाने. तेव्हापासून मांस-मासे नाही, एकादशी चुकलेली नाही. सध्या ती फ्रान्समध्ये शेतीचे शिक्षण घेते, आणि त्या अभ्यासाचा भाग म्हणून काही महिन्यांसाठी सेनेगल या देशात गेली होती. आफ्रिका खंडाच्या अगदी पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्राच्या काठी हा देश आहे. राजधानी डाकार. १९६० पर्यंत तिथे फ्रेंचांचे राज्य होते, त्यामुळे शाळा-कचेरीत फ्रेंच चालते. घरात आणि बाजारात मात्र बहुतेक ठिकाणी वोलोफ भाषा. शंभरातले नव्वदांहून अधिक लोक मुसलमान. नातीची राहण्याची सोय वसतिगृहात होती, पण देशाची खरी ओळख व्हावी म्हणून शनिवार-रविवार एका कुटुंबात राहायचे असे ठरले होते. शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी जायचे आणि रविवारी रात्री परतायचे. ही हकीकत पहिल्याच खेपेची.

ती पोचली तेव्हा पुरुष मंडळी शुक्रवारची नमाज आटोपून घरी येत होती. नमस्कार-चमत्कार बराच वेळ चालले. तू कशी आहेस, आईवडील कसे आहेत, घरचे कसे आहेत, अशी एकेकाची चौकशी, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, ‘जाम रेक्क’. म्हणजे शांती आहे, शांतीच आहे. घरच्या कर्त्या बाईला सगळे ‘याय’ म्हणत. याय म्हणजे आई. त्यांनी नातीचा हात धरून तिला आत नेले आणि म्हणाल्या, ‘काय लेक्क!’ नात सांगते, ‘आबा, मला वाटलं यांना मराठी येतं की काय! काय लेकी, असंच ऐकू आलं मला.’ वोलोफमध्ये त्याचा अर्थ ‘ये, जेव’ असा आहे. तिथे कोणी जेवत असताना शेजारून माणूस गेला, तरी त्याला असेच बोलावतात. या पाहुणचाराला त्यांच्याकडे ‘तेरांगा’ असा शब्द आहे आणि तो त्या देशाचा अभिमान आहे.

जमिनीवर चटई अंथरलेली. मधोमध एक मोठी परात. तिच्याभोवती घरातली आठ-नऊ माणसे गोल बसलेली. वेगवेगळी ताटे नाहीत, वाट्या नाहीत. ज्याने त्याने आपल्यासमोरचा भाग उजव्या हाताने खायचा, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. मधे ठेवलेले चांगले चांगले तुकडे याय स्वतःच्या हाताने तोडून पाहुण्यांच्या आणि मुलांच्या पुढे सरकवतात. परातीत ‘चेबू जेन’ होते. तांदळाच्या कणीचा भात, गाजर, कोबी, वांगे, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, चिंच, आणि मासा. हे तिथले मानाचे जेवण. २०२१ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली आहे. मासा बाजूला काढता आला असता, पण भातच माशाच्या रश्शात शिजलेला.

यायने सगळ्यांत मोठा तुकडा नातीच्या पुढे सरकवला. सगळे तिच्याकडे पाहत होते. आणि नात म्हणाली, ‘माझं पोट बिघडलंय.’

त्यानंतर जे झाले ते तिला अधिक जड गेले. याय जेवण अर्धे टाकून उठल्या. किंकेलिबा नावाच्या पाल्याचा काढा करून आणला. कपाळावर हात ठेवून पाहिले. धाकट्या मुलाला औषधाच्या दुकानात पिटाळले. रात्री दोनदा येऊन विचारून गेल्या. नातीने घरी आलेल्या माणसासारखे प्रेम पाहिले, आणि त्या प्रेमाच्या मुळाशी स्वतःचे खोटे पाहिले.

तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते तेव्हा इकडे पहाटेचे साडेचार. मी काकड्याला निघालो होतो. फोन वाजला.

‘आबा, मी खोटं बोलले. उद्या परत तीच परात येणार. दोन दिवस माळ काढून ठेवू का?’

मी म्हणालो, ‘माळ काढायची नाही. तुझं ताट वेगळं मागून घे. त्यात काय अवघड आहे?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आबा, इथे ताट वेगळं मागणं म्हणजे मी तुमच्यातली नाही असं सांगणं. त्यांनी मला आत घेतलंय आणि मीच बाहेर बसू?’

मला पुढे बोलता आले नाही. ‘देवळात जाऊन येतो,’ म्हणालो आणि फोन ठेवला.

काकडा झाला, पण माझे लक्ष नव्हते. ‘ताट वेगळं’ हे दोन शब्द मी इतक्या सहज उच्चारले होते की त्यांचाच आवाज कानात राहिला. आणि मला एक जुनी दुपार आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तीस-बत्तीस वर्षे झाली असतील. माउलींच्या पालखीबरोबर चाललो होतो. फलटणचा मुक्काम आटोपून दिंडी बरडच्या वाटेला लागली होती. ऊन चढले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. कमरेला टोपली, टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, वर झुणका आणि ठेचा. येईल त्याला हात जोडून ‘घ्या माउली’ म्हणत होती. ती माझ्यासमोर आली. मी तिच्या मागची वस्ती पाहिली आणि म्हणालो, ‘माउली, आमचा नियम आहे. दिंडीच्या पंगतीबाहेर जेवत नाही.’

असा नियम नव्हता. तासाभरापूर्वीच मी एका बंगल्याच्या दारात चहा-चिवडा घेतला होता.

ती काही बोलली नाही. टोपलीवरचे फडके सारखे केले आणि वाकून माझ्या पाया पडली.

नातीने नियम वाचवण्यासाठी खोटे सांगितले. मी मनातला विटाळ लपवण्यासाठी नियमाचेच खोटे केले. दोन्हीत नियमाचे नाव आले, पण दोन्हींत फार अंतर आहे. तिचे खोटे तिला एक रात्रही सहन झाले नाही. माझे मी तीस वर्षे सांभाळले आणि वर गळ्यात माळ मिरवली.

शनिवारी सकाळी नातीने स्वतःच वाट काढली. माझ्या उत्तराची तिने वाट पाहिली नाही, हे बरेच झाले. याय अंगणात भांडी घासत होत्या. ती शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, ‘काल मी खोटं बोलले. पोट ठीक आहे. ही माळ घालताना मी वचन दिलंय, मांस-मासे खायचे नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’

यायने माळ हातात घेऊन पाहिली. हा पदार्थ वाईट आहे का, आमचे जेवण तुला चालत नाही का, असे त्यांनी काहीच विचारले नाही. एवढेच विचारले, ‘वचन कोणाला दिलंस?’ नात म्हणाली, ‘देवाला.’ त्या म्हणाल्या, ‘मग ते कशाला लपवायचं? आम्हीही डुकराचं मांस खात नाही, दारू पीत नाही. रमजानात दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही.’ मग थोडे रागावून म्हणाल्या, ‘पण आजारी आहे असं नव्हतं सांगायचं. मी रात्रभर झोपले नाही.’

याय तिला घेऊन बाजारात गेल्या. चवळी घेतली, भोपळा घेतला, भेंडी, वांगी आणि शेंगदाण्याचे वाटण घेतले. शेंगदाण्याच्या रश्शाला तिकडे ‘माफे’ म्हणतात. एरवी त्यात मांस असते. त्या दुपारी याय यांनी भाज्या घालून केला. आणि तो वेगळ्या वाटीत आला नाही. सगळ्या घराची परात त्या दिवशी तशीच झाली. दोघे थोरले मुलगे कुरकुरले. एकाने जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मासळीचा डबा आणला आणि हसत हसत पावाबरोबर खाल्ला. पण परात एक राहिली आणि नात तिच्याभोवती बसली. पोट भरल्यावर ती शिकवल्याप्रमाणे ‘सुर ना’ म्हणाली, म्हणजे माझे पोट भरले. तरी सगळे ‘लेक्कल, लेक्कल’ म्हणत राहिले. जेव, अजून जेव. आपल्याकडच्या आग्रहापेक्षा यात काय वेगळे आहे?

नातीने रात्री हे सांगितले तेव्हा मी एक शंका काढलीच. ‘अगं, पातेलं तर तेच ना, ज्यात काल मासा शिजला?’ ती म्हणाली, ‘हो आबा. आणि तुम्ही वारीत ज्या हॉटेलात चहा पिता, तिथलं पातेलं?’ मी गप्प बसलो. मग म्हणालो, ‘घासलेलं भांडं शुद्ध. वचन तुझ्या खाण्याचं आहे, त्यांच्या भांड्याच्या मागच्या जन्माचं नाही.’ हे बोलताना मला जाणवले की हे उत्तर मी तिला देत नव्हतो.

संध्याकाळी चहाची बैठक होती. ‘अताया’ म्हणतात त्याला. कोळशाच्या शेगडीवर लहान किटली, हिरवा चहा, पुदिना, भरपूर साखर. उंचावरून पेल्यात ओतत, फेस आणत तीन फेऱ्या होतात. पहिली फेरी कडू, दुसरी गोडसर, तिसरी गोड. दोन-दोन तास जातात. तिन्ही फेऱ्या होईपर्यंत उठायचे नाही. या बैठकीत घरातल्या आजोबांनी तूबा गावाची गोष्ट सांगितली, आणि नातीने ती मला जशीच्या तशी सांगितली.

शेख आमादू बांबा नावाचे सत्पुरुष तिथे होऊन गेले. त्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस तूबा हे गाव वसवले. शस्त्र हाती न घेता ते ईश्वराचे नाव, अभ्यास आणि कष्ट शिकवत. त्यांच्याभोवती लोक जमू लागले तसे फ्रेंच सरकार घाबरले आणि १८९५ साली त्यांना दूर गाबोन देशात हद्दपार केले. १९०२ मध्ये ते परत आले, पुढे पुन्हा हद्दपारी झाली. १९२७ साली त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर तूबातच आहे. त्यांचे भक्त दर वर्षी तूबाला जातात. ‘मागाल’ असे त्या यात्रेचे नाव. लाखो लोक लोटतात. आणि ही यात्रा त्यांच्या जन्माच्या दिवसाची नसून हद्दपारीला निघाल्याच्या दिवसाची आहे. जे दुःख देवाच्या वाटेवर आले त्याचे आभार मानायचे, असा तिचा भाव आहे. त्या दिवसांत तूबातली घरे अनोळखी माणसांसाठी उघडी असतात. जो येईल त्याला जेवू घालतात आणि ते आपले भाग्य समजतात.

माउली, हे ऐकताना मला आपली वाट दिसली. भाकरीची टोपली घेऊन उभी असलेली बाईही दिसली. वारकऱ्याला जेवू घालणे म्हणजे आपणही वारी करणे, असे ती समजत होती. मी नुसती भाकरी नाकारली नव्हती. तिची वारी मी रस्त्यातच थांबवली होती.

रविवारी नात म्हणाली, आज मी करते. शेतीच्या अभ्यासातून तिला माहीत होते की तिथे बाजरी पिकते. रात्रीच्या जेवणाला त्या बाजरीचा सांजा करतात, आणि तिच्याच जाडसर लापशीवर गोड दही घालून ‘लाख’ नावाचा पदार्थ होतो. नातीने बाजरीचे पीठ मळले आणि हातावर भाकरी थापू लागली. टाळ्यांसारखा आवाज ऐकून शेजारच्या बाया जमल्या. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली, तिसरी फुगली. चवळीची उसळ केली. भाकरी परातीत मधे ठेवली आणि सगळ्यांनी तोडून खाल्ली.

तिने मला फोनवर सांगितले, ‘आबा, तुम्हाला माहीत आहे का, बाजरी मुळात इथलीच. सहारा वाळवंटाच्या खालच्या या कोरड्या पट्ट्यात चार हजार वर्षांहून आधी लोकांनी ती रानगवतातून शेतात आणली. मग ती फिरत फिरत आपल्याकडे आली. ज्वारीसुद्धा आफ्रिकेचीच.’ मी हातातल्या भाकरीकडे पाहत राहिलो. ज्या अन्नावर आपली वारी चालते, ज्याला आपण आपल्या मातीचे म्हणतो, ते कोणे एके काळी या लोकांच्या पूर्वजांनी जगाच्या परातीत ठेवले होते. पाहुणी कोण आणि यजमान कोण?

निघताना नातीने यायचे आभार मानले. वोलोफमध्ये आभाराला उत्तर देतात, ‘न्यो को बोक्क’. आपल्याकडे ‘त्यात काय एवढं’ म्हणतात तसे नाही. त्याचा अर्थ असा की ते आपण दोघांचे आहे. मी दिले आणि तू घेतलेस, असे काही झालेच नाही.

आपल्या परंपरेत याला नाव आहे. आपण त्याला काला म्हणतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. गोपाळांच्या शिदोऱ्या, कोणाची शिळी, कोणाची ताजी, कोणाची कण्यांची, श्रीहरीने एकत्र केल्या आणि सर्वांच्या मुखात घातल्या. ते उष्टे मिळावे म्हणून देव यमुनेत मासे होऊन आले, असे आपण काल्याच्या कीर्तनात ऐकतो. इतकी वर्षे मी तो प्रसाद हात पुढे करून घेतला. आणि माझी नात खऱ्याखुऱ्या काल्याच्या परातीपुढे बसली होती, तेव्हा मी तिला ‘ताट वेगळं माग’ असे सांगितले.

आता मूळ प्रश्न. कोणी म्हणेल, यायने परात बदलली म्हणून सगळे गोड झाले. नसती बदलली तर? रास्त शंका आहे. माझ्या मते तरीही वचन मोडायचे नव्हते. देवाला दिलेला शब्द भिडेपोटी मोडला, तर तो पुढे कशालाही मोडतो. पण मग खरे सांगून त्याच परातीपाशी बसायचे, मिळेल तो पाव, मिळेल ते फळ खायचे. ताटात काय आहे हा नियमाचा प्रश्न आहे. कोणाबरोबर बसायचे हा नियमाचा प्रश्नच नाही. या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली, आणि शतकानुशतके केली. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, ती हेच सांगत उभी आहे. श्राद्धाचे अन्न नाथमहाराजांनी ज्यांना वाढले असे सांगतात, त्यांची नावे विचारली नव्हती.

आणखी एक गोष्ट. नियम आपण घेतो, तर त्याची तोशीस आपल्याला लागावी. यायने एका दिवसासाठी सगळ्या घराचे जेवण बदलले, हा त्यांचा मोठेपणा झाला. तो आपला हक्क नव्हे. पुढच्या शुक्रवारपासून नात चवळी आणि भाजी स्वतः घेऊन जाऊ लागली आणि यायच्या शेजारी बसून निवडू लागली. मुलांचा मासाही परातीत परत आला, एका बाजूला. तिची बाजू तिची, त्यांची त्यांची, परात एक. व्रत आपल्या जिभेला घालायचे असते, दुसऱ्याच्या उंबऱ्याला नाही.

या वर्षी बरडच्या अलीकडे मी रांगेतून बाहेर पडलो आणि ती वस्ती शोधली. पालखी मार्ग आता रुंद झाला आहे. जिथे ती उभी होती तिथे डांबर आहे. एकदोघांना विचारले, पण मला तिचे नावही ठाऊक नव्हते. विचारणार तरी काय? ती भाकरी राहिली ती राहिलीच. तिची भरपाई होणार नाही, आणि तसे मनाला सांगून मी सुटूही इच्छित नाही.

एवढेच सांगतो, माउली. वाटेवर कोणी टोपली घेऊन उभे असेल, तर ‘आमचा नियम आहे’ असे म्हणण्याआधी स्वतःला विचारा, खरेच आहे का? असेल तर तो हात जोडून सांगा आणि घटकाभर तिच्यापाशी बसा. नसेल तर खाली बसा आणि भाकरी घ्या.

रामकृष्ण हरी.